वारंवार विचारले जाणारे प्रश्न: तिसरी ते पाचवीच्या मुलांचं विज्ञान, मुंबईतल्या मुंबईत

हे पान तिसरी ते पाचवीतल्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्या प्रश्नांना रोज तोंड देणाऱ्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठीही. दादरला शनिवारी मुलांचा विज्ञानाचा वर्ग घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. जमेल तिथे उत्तर असं दिलं आहे की मुलाला ते स्वतः पडताळून पाहता यावं, मग ते खिडकीतून असो, चौपाटीवर असो की लोकलमध्ये. काही उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना वेळ लागतो. घाई असेल तर आपला प्रश्न शोधा. नसेल तर भरती-ओहोटीपासून सुरुवात करा. मुंबईच्या मुलाला विज्ञानाची गोडी लावायला माझ्या मते याहून चांगला विषय नाही.

समुद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो. असं का?

मुख्य कारण चंद्र. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. पृथ्वीच्या ज्या बाजूला चंद्र असतो तिथलं पाणी त्याला सर्वांत जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं आणि तिथे समुद्राला फुगवटा येतो. पलीकडच्या बाजूला चंद्राची ओढ सर्वांत कमी पोचते. तिथलं पाणी मागे राहतं, म्हणून तिथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना मुंबई या दोन्ही फुगवट्यांखालून जाते. त्यामुळे आपल्याकडे साधारणपणे दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी.

इथे एखादं हुशार मूल हमखास विचारतं, की पृथ्वीची फेरी २४ तासांची, मग दोन भरत्यांमध्ये बरोबर १२ तास का नसतात? अंतर असतं सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. कारण पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी थोडं फिरावं लागतं. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. आज दुपारी एकला भरती असेल, तर उद्या पावणेदोन-दोनला.

भरती कधी येणार हे घरबसल्या सांगता येतं का?

येतं, आणि त्याला फक्त भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. पण चौथीतल्या मुलानं पाऊणपटीचं गणित करावं, मग दादर किंवा गिरगाव चौपाटीवर जाऊन पाणी खरंच आलंय का ते बघावं, ही त्याच्या वयाला साजेशी फार सुंदर गोष्ट आहे. हाजी अलीला जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. तिथेही हा हिशेब लावून बघता येतो, पण दुरून, रस्त्यावरून. आणि कोळीवाड्यात कुणी ओळखीचं असेल, तर मुलाला त्यांच्याशी बोलू द्या. वारा, तिथी आणि पाणी यांचा मेळ ते रोज घालतात.

उधाण म्हणजे काय? पावसाळ्यात बातम्यांमध्ये सारखं का सांगतात?

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीला मिळते आणि भरती नेहमीपेक्षा उंच येते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, तेव्हा भरती बेताची असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. कारण साधं आहे. मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांमधून समुद्रात जातं. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली, की पाणी उताराने बाहेर पडू शकत नाही. त्याच वेळी मोठा पाऊस पडला, तर ते शहरातच तुंबतं. हाजी अली आणि इर्ल्यासारख्या ठिकाणी उदंचन केंद्रं आहेत, ती याचसाठी: पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायला.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात? पाणी तर लिटरमध्ये मोजतात ना?

पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, जमिनीत मुरलं नाही, वाफ होऊन उडालं नाही, तर सपाट जमिनीवर त्याचा जेवढा जाड थर साचेल, ती उंची म्हणजे पाऊस. उंचीचं माप मिलिमीटर. एक चौरस मीटर फरशीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. हे मुलाकडून गुणाकार करून काढून घ्या.

आता २६ जुलै २००५ चा आकडा घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे एका चौरस मीटरवर ९४४ लिटर. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! म्हणून "मुंबईत किती पाऊस पडला?" असं कुणी विचारलं, तर आधी "मुंबईत कुठे?" असं विचारायला मुलांना शिकवावं.

घरचा पर्जन्यमापक करायला सरळ कडांचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. ते गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एक गोष्ट मोठ्यांनाही चकवते: रुंद पातेलं आणि अरुंद ग्लास शेजारी ठेवले, दोन्हींच्या कडा सरळ असल्या, तर पाण्याची उंची दोन्हींत सारखीच येते. पातेल्यात पाणी जास्त पडतं, पण ते पसरतंही जास्त. मुलांचा यावर विश्वास बसत नाही. बसूही नये, त्यांनी ठेवून बघावं. फक्त वर झाडाची फांदी किंवा छज्जा नको.

मुंबईत धो धो पाऊस पडला, तरी धरणं भरली नाहीत असं का म्हणतात?

कारण आपलं पिण्याचं पाणी बहुतेक शहराबाहेरून येतं. मुंबईला सात तलाव पाणी देतात: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. त्यांतले फक्त तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. दादरला पडलेला पाऊस तिथे पोचत नाही. पवई तलावही पिण्यासाठीच बांधला होता, पण त्याचं पाणी प्यायला वापरत नाहीत.

ते पाणी स्वच्छ कसं होतं?

आधी पाण्यात तुरटी किंवा तिच्यासारखंच काम करणारं रसायन घालतात. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांमधून गाळतात आणि शेवटी जंतू मारायला क्लोरीन मिसळतात. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात रोज हेच चालतं. घरी दोन ग्लासांत गढूळ पाणी घ्या, एकात तुरटी फिरवा आणि तासाभराने दोन्ही बघा. हे पाणी प्यायचं मात्र नाही. निवळ दिसणारं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही, आणि हा फरक मुलांना लहानपणीच कळायला हवा.

पावसाळ्यात बिस्किटं सादळतात, मीठ ओलं होतं, दार घट्ट बसतं. या सगळ्याचं कारण एकच का?

हो, हवेतली वाफ. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ती भरपूर असते. बिस्किट कोरडं असतं, ते ही वाफ शोषतं आणि मऊ पडतं. मीठही हवेतलं पाणी ओढतं, म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. दाराचं लाकूड ओल धरून फुगतं. चपलांवर बुरशी येते, कारण बुरशीला वाढायला ओल लागते. कपडे वाळत नाहीत तेही यामुळेच. हवेत आधीच इतकं पाणी असतं की कपड्यातलं पाणी हवेत जायला फार वेळ लागतो.

नागपूरला ऊन जास्त, मग घामाने आपणच का बेजार होतो?

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. वाळताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. विदर्भात उन्हाळ्यात हवा कोरडी असते, घाम चटकन उडून जातो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, म्हणून ३३-३४ अंशांनाही जीव नकोसा होतो. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगाजवळची दमट हवा हलवतो, तिथे नवी हवा येते आणि घाम वाळायला मदत होते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून खोली गार होत नाही, हे मुलांना थर्मामीटर ठेवून दाखवता येतं.

संध्याकाळी समुद्राकडून वारा का येतो?

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र दोन्ही गोष्टी सावकाश करतो. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. हे खारे वारे. रात्री उलट होतं, जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. ते मतलई वारे. दुपारी मरीन ड्राइव्हवर रुमाल धरून दिशा बघा. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका. त्या दिवसांत नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो, त्यापुढे खारे-मतलई वारे वेगळे कळत नाहीत.

वीज आधी चमकते, गडगडाट नंतर. दोन्ही एकदमच होत नाहीत का?

एकदमच होतात. पण प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि आवाज फक्त ३४० मीटरच्या आसपास. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर दूर वीज पडली. मोजायचं ते घरात राहून. विजा चमकत असताना गच्ची, मैदान, चौपाटी आणि झाडाखालची जागा टाळायची.

मुंबईत ज्वालामुखी होता का?

मुंबईचा पाया लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे झाले त्या सुमाराला, आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरावर थर साचले. तो निवून काळा बसाल्ट झाला. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे ६० मीटर उंच काळा कडा उभा आहे. त्याच्यावर उभे खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. लाव्हा निवताना आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात, त्यातून हे खांब तयार होतात. चहूबाजूंनी इमारती आल्या आहेत, तरी मुलाला एकदा तिथे नेऊन उभं करा. तेवढं लांब जमत नसेल, तर स्टेशनवर रुळांखालची काळी खडी दाखवा. तोही बसाल्टच.

लोकल थांबताना आपण पुढे का जातो?

जडत्व. गाडी चालू असताना आपलं शरीरही गाडीच्याच वेगाने चाललेलं असतं. ब्रेक लागतो तो गाडीला. पाय गाडीबरोबर थांबतात, वरचं शरीर पुढे जाऊ पाहतं. गाडी सुटताना याच्या उलट, आपण मागे रेलतो. चालत्या गाडीतून उतरणारा माणूस पडतो तोही यामुळेच: पाय फलाटावर थांबतात आणि शरीर गाडीच्या वेगाने पुढे जातं. मुंबईच्या मुलाला जडत्वाची व्याख्या पाठ नसली तरी चालेल, पण हे एवढं कळलेलं असायलाच हवं.

तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का लागत नाही?

वीज शरीरातून जायला तिला आत यायची एक आणि बाहेर पडायची दुसरी वाट लागते, आणि त्या दोन जागांमध्ये विजेच्या दाबाचा फरक लागतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, त्यामुळे तो फरक जवळपास नसतोच. तोच कावळा तारेला आणि खांबाला एकदम टेकला, तर मरतो. लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्या नुसतं जवळ गेलं, तरी वीज हवेतून उडी मारू शकते. म्हणून टपावर चढणं किंवा पुलावरून तारेकडे काठी, छत्री नेणं जिवावर बेततं. हे उत्तर मुलाला दोनदा वाचून दाखवा.

डासांसाठी आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं सांगतात. एकदाच का?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचं टायर त्याला पुरतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला पाणी ओतून, भांडं घासून कोरडं केलं, तर डास तयार व्हायच्या आतच साखळी तुटते. हा डास बहुतेक दिवसा चावतो. आणि चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं.

तुंबलेल्या पाण्यात खेळू नका असं का म्हणतात?

त्यात उंदीर आणि इतर प्राण्यांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. चालावं लागलंच, तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात चालल्याचं आवर्जून सांगा. शिवाय उघडी गटारं त्या पाण्यात दिसत नाहीत.

लस म्हणजे काय? आजारी नसताना सुई का टोचतात?

लशीत रोगाचा मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो, किंवा त्याचा एखादा भाग, नाहीतर तो भाग शरीरानेच तयार करावा यासाठीची सूचना. त्यामुळे सहसा तो आजार होत नाही, पण शरीर त्या जंतूला ओळखायला शिकतं. पुढे खरा जंतू आला की शरीराची तयारी आधीच झालेली असते.

यातली एक मोठी गोष्ट मुंबईत घडली आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने इथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. परळ-लालबागच्या कितीतरी मुलांना रोज त्या फाटकावरून जाताना हे माहीत नसतं, याची मला हळहळ वाटते.

फ्लेमिंगो गुलाबी का असतात?

खाण्यामुळे. ते जे शेवाळ आणि बारीक जलजीव खातात, त्यांतल्या रंगद्रव्याने पिसं गुलाबी होतात. पिल्लू जन्मतं तेव्हा करडं असतं. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या बाजूला त्यांचे मोठे थवे दिसतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. मराठीत या पक्ष्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. बघायला जाताना ओहोटीची वेळ धरा. चिखल उघडा पडतो तेव्हा ते चरायला उतरतात, आणि वर शिकलेला पाऊणपटीचा हिशेब इथे कामी येतो.

खाडीच्या चिखलातून काड्यांसारखं वर काय येतं?

तिवराची श्वसनमुळं. मुळांनाही हवा लागते, आणि भरतीच्या चिखलात ती मिळत नाही. म्हणून तिवर काही मुळं जमिनीतून वर पाठवतो. त्याच्या पानांवर बारीक मीठही दिसतं. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळवनं लाटांचा जोर कमी करतात आणि मासे-खेकड्यांची पिल्लं तिथे वाढतात. त्यांच्यात राडारोडा टाकून भराव करणं हा शहराने स्वतःवर केलेला वार आहे, आणि मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं.

दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो ना?

पुस्तकात तसं वाक्य दिसतं, पण मुंबईत तसं वर्षातून फक्त दोनदा होतं: मे महिन्याच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, आणि जुलैच्या शेवटी, २७-२८ च्या आसपास. हे शून्य सावलीचे दिवस. सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर तिच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्याचा दिवस सोडू नका. वेळ बाराची नव्हे, दुपारी साडेबारा उलटून गेल्यानंतरची, १२.३५ च्या सुमाराची. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेनुसार चालतं आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. दिल्लीला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

सूर्य रोज पश्चिमेलाच मावळतो का?

बरोबर पश्चिमेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरमध्ये तो डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये उजवीकडे. चौपाटीवर एकच जागा ठरवा, दर महिन्याला तिथून एक चित्र काढा.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडतं, बरोबर?

चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे.

ग्रह आठ की नऊ?

आठ. आई-बाबांनी शाळेत नऊ पाठ केले असतील, तेव्हा ते बरोबरच होतं. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. कुठल्या ग्रहाला किती चंद्र हे मात्र पाठ करण्यात अर्थ नाही, नवे सापडत असल्याने आकडे बदलतात.

सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो?

सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. भागाकार करा: ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. पाठांतरापेक्षा हा भागाकार मुलाच्या जास्त लक्षात राहतो.

चांद्रयान-३ कधी उतरलं?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात. उतरलेल्या यानाचं नाव विक्रम, त्यातून बाहेर आलेल्या गाडीचं प्रज्ञान.

शरीराबद्दलचे नेहमीचे प्रश्न एकत्र सांगाल का?

मोठ्या माणसात २०६ हाडं. बाळात सुमारे ३००, कारण काही हाडं वाढताना एकमेकांना जुळतात. दुधाचे दात २०, कायमचे ३२. हृदय साधारण आपल्या बंद मुठीएवढं. मोठ्यांची नाडी शांत बसलेली असताना मिनिटाला साधारण ६० ते १००, लहान मुलांची थोडी जास्त. मनगटावर बोटं ठेवून मोजा, मग जिना चढून पुन्हा मोजा.

जीकेच्या पुस्तकात छापलेलं सगळं खरं असतं का?

दुर्दैवाने नाही, आणि याचा मला खरोखर त्रास होतो, कारण मुलं छापील अक्षरावर पूर्ण विश्वास ठेवतात. काही उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या चुकीची फिरत आहेत. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो असं छापतात. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो, रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनच करतो. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हेही खोटं. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे तर साफ चूक. आपण सगळा मेंदू वापरतो. शिरांमधलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. कातडीतून शिरा निळसर दिसतात, एवढंच.

आणि जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड, मागे कडू. साखर, मीठ, लिंबू आणि कारल्याचा रस आळीपाळीने जिभेच्या टोकाला लावा. चारही चवी कळतात. ज्या मुलाने हे स्वतः करून पाहिलं, त्याला पुढच्या वेळी कुठलंही छापील उत्तर तपासावंसं वाटतं.

परीक्षेसाठी मग काय वाचायचं?

आधी शाळेचं परिसर अभ्यासाचं पुस्तक, प्रश्नांसकट आणि चित्रांखालच्या ओळींसकट. त्यानंतर जीकेचं एखादं पुस्तक चालेल. एका बैठकीत पन्नास प्रश्न घोकून घेण्यापेक्षा पाच प्रश्न घ्या आणि प्रत्येकाला "कशावरून?" असं विचारा. वेळ जास्त जातो हे खरं. पण परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला, की घोकलेलं मूल अडतं आणि समजून घेतलेलं मूल सोडवतं. पाठ करायच्या गोष्टीही आहेतच: ग्रहांचा क्रम, दातांची संख्या, महिने-तारखा. त्या सरळ पाठ कराव्यात.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. घरी मराठीतून सांगितलं तर गोंधळेल का?

नाही. "का" आणि "कसं" घरच्या भाषेत लवकर कळतं. शाळेतले शब्द ती शाळेत उचलते. तिच्या उत्तरात दोन्ही भाषा मिसळल्या तरी टोकू नका.

मुंबईत मुलांना कुठे न्यावं?

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि जवळचंच नेहरू तारांगण. तारांगण १९७७ पासून आहे, आणि तिथे मराठीतूनही खेळ होतात. विज्ञान केंद्राला पूर्ण दिवस द्या, कारण तिथल्या वस्तू हाताळून बघायच्या असतात आणि मुलं एकेका यंत्रापाशी अडकतात. त्यांना ओढू नका, सगळं बघून झालंच पाहिजे असं काही नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करते, चुनाभट्टीला त्यांचं विज्ञान भवन आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सकाळी लवकर गाठा. कान्हेरीची लेणी कोरलेला खडक लाव्हाच्या काळातलाच. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, पण बोटीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास शहरातल्या मोठ्या संशोधन संस्था लोकांसाठी कार्यक्रम ठेवतात, त्यांच्या घोषणा जानेवारीपासून बघत राहा. सुट्टीचे वार आणि तिकिटं निघण्याआधी तपासून घ्या.